हापशीच्या दुरुस्तीची पिशवी

वाशिम जिल्ह्यातील बहुतेक जमीन बेसाल्टची, म्हणजे काळ्या पाषाणाची. हा खडक सच्छिद्र नसल्याने पाणी साठते ते त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. उन्हाळ्यात उघड्या विहिरींनी तळ गाठला की अनेक वस्त्यांना विंधन विहिरीवरच्या हातपंपाचा, म्हणजे हापशीचा आधार उरतो. ती बंद पडली तर पाण्यासाठी लांब जाणाऱ्या मुलींचे शाळेतील हजेरीपट कसे दिसतात, हे शिक्षकांना सांगायला नको. म्हणून हापशी दुरुस्त करणाऱ्याच्या पिशवीत काय असते आणि ते का असते, हे समजून घेऊ.

आधी पंपाची रचना पाहू. हवेचा दाब पाण्याचा सुमारे १० मीटर उंचीचा स्तंभच पेलू शकतो. त्यामुळे ३० मीटर खोल पाणी वर बसून ओढून घेता येत नाही. ते खालून उचलावे लागते. यासाठी ‘इंडिया मार्क-२’ या पंपात दट्ट्या असलेले सिलिंडर विंधन विहिरीत खोल सोडलेले असते. ते ३२ मि.मी.च्या लोखंडी नळाला टांगलेले असते. नळातून १२ मि.मी. जाडीची सळई दट्ट्यापर्यंत जाते. सळईचे वरचे टोक साखळीने दांड्याला जोडलेले असते. दांड्याचे टोक कंसात फिरते, पण साखळीमुळे सळई सरळ वरखाली होते.

आता वजनाचा हिशेब करा. नळ व सळई दोन्ही ३ मीटरच्या तुकड्यांत असतात. ३० मीटर खोलीला दहा नळ लागतात. नळांचे वजन अंदाजे ९५ किलो, सळईचे २७ किलो आणि नळात अडकलेल्या पाण्याचे ३० किलो. एकूण सुमारे १५० किलो. नुसते वॉशर बदलायचे असले तरी एवढे ओझे वर घ्यावे लागते. पिशवीतील जड हत्यारे आहेत ती यासाठीच.

पहिले हत्यार म्हणजे आपोआप आवळणारा शिकंजा. नळ वर उचलताना तो सैल होतो आणि नळ खाली सरकू लागला की त्याच वजनाने अधिक घट्ट होतो. ओझे जितके जास्त तितकी पकड पक्की. हा शिकंजा नसेल आणि नळ हातातून निसटला, तर सगळे सामान विहिरीत जाते आणि ते निघाले नाही तर विंधन विहीरच वाया जाते. नळ उचलण्यासाठी लांब दांड्यांचे पाने लागतात आणि आटे सोडवण्यासाठी दोन पाईप पाने: एकाने धरायचे, दुसऱ्याने फिरवायचे. साखळी सोडवण्यापूर्वी सळई स्वतंत्र पकडीत धरावी लागते, नाहीतर तीही खाली जाते. दांड्याच्या बेअरिंगसाठी वेगळे साधन असते. नुसत्या हातोडीने ठोकले तर बेअरिंग तिरपे बसते आणि त्यातील गोळ्यांना इजा होते.

सुट्या सामानात दट्ट्याची कप वॉशरे, झडपांची रबरे, साखळी, बेअरिंग, नट-बोल्ट, एखादा जादा नळ आणि सळई, आटे साफ करायचा ब्रश व ग्रीस एवढे लागते. काम संपल्यावर विहिरीत टाकायला ब्लीचिंग पावडर हवीच, कारण जमिनीवर ठेवलेल्या नळांबरोबर घाण आत जाते.

काय बिघडले हे पंप उघडण्यापूर्वीही बरेचसे कळते. दांडा एकाएकी हलका लागला आणि पाणी येईना, तर सळई तुटली असण्याचा संभव. बऱ्याच वेळा हापसल्यावर पाणी आले, तर खालची झडप किंवा नळाचा सांधा गळत असावा. धार बारीक झाली, तर वॉशरे झिजली असतील. दांडा करकरत असेल, तर साखळीला ग्रीस हवे किंवा बेअरिंग गेलेले असावे.

या पंपाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. पूर्वीचे बिडाचे पंप घरगुती वापरासाठीचे होते. गावाच्या सततच्या वापराने ते मोडत. जालना आणि सोलापूर येथे विहिरींचे काम करणाऱ्या मिशनच्या मंडळींनी पोलादी, मजबूत पंप बनवले. सोलापूरच्या पंपात ऑस्कर कार्लसन या स्वीडिश गृहस्थांचा मोठा वाटा होता. त्याच पंपाच्या आधारे युनिसेफ, भारत सरकार आणि रिचर्डसन अँड क्रुडास यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मार्क-२’ सिद्ध केला. पुढे त्याचे भारतीय मानक ठरले. त्यामुळे कोणत्याही कारखान्याचा मानकानुसार केलेला सुटा भाग कोणत्याही गावच्या पंपाला बसू लागला.

तरीही १५० किलोंचा प्रश्न राहिलाच होता. ‘मार्क-३’ मध्ये नळच इतका रुंद केला की दट्ट्या आणि खालची झडप सळईबरोबर नळातून वर निघते, नळ जागेवरच राहतो. नेहमीच्या दुरुस्तीला जड हत्यारांची गरज उरली नाही. मात्र हा नळ अधिक जड असल्याने तोच गंजला तर काढणे अवघड. म्हणजे दुरुस्ती किती सोपी जाणार, हे पुष्कळसे आराखड्याच्या कागदावरच ठरते.

वर्गासाठी एक प्रयोग. सिलिंडरचा व्यास ६३.५ मि.मी. आणि दट्ट्याची चाल १२५ मि.मी. धरून एका हापशाला किती पाणी यावे ते मुलांना काढू द्या. उत्तर सुमारे ०.४ लिटर येईल. म्हणजे ४० हापशांना १६ लिटर. मग गावच्या हापशीवर पूर्ण चालीने ४० हापसे मोजून बादलीत पाणी मापा. थोडा फरक पडणारच. नंतर पंप अर्धा तास थांबवून कितव्या हापशाला पाणी येते ते पाहा. दर महिन्याला या दोन नोंदी वहीत ठेवल्या, तर हापशी बंद पडण्याआधीच ग्रामपंचायतीला किंवा पंचायत समितीच्या दुरुस्ती पथकाला कळवता येईल. पिशवीत नसलेले, पण शाळेकडे असलेले हत्यार ते हेच.