झग्यामागचा अर्थ

इ. स. 428 मध्ये पोप पहिले सेलेस्टीन यांनी गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) काही बिशपांना पत्रातून खडसावलं होतं: आपलं वेगळेपण शिकवणुकीतून दिसावं, कपड्यांतून नव्हे. तेव्हा धर्मगुरू चारचौघांसारखेच रोमन कपडे घालत. पुढे लोकांचे पोशाख आखूड झाले, चर्चने मात्र जुने लांब अंगरखे सोडले नाहीत आणि तीच ओळख बनली. मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेच्या वेळी फादर सगळ्यांत वरून घालतात ते सैल वस्त्र मुळात रोमन लोकांचा थंडीपावसातला डगला. वेदीवरच्या वस्त्राचं मूळ इतकं साधं असावं, हे मला फार भावतं.

रोजचा झगा पुरोहिताचा काळा, पोपचा पांढरा. वसई-गोव्याच्या उकाड्यात साधे फादरही पांढराच घालतात. कार्डिनलचा लाल रंग श्रद्धेसाठी रक्त सांडण्याची तयारी सांगतो. चर्चच्या कायद्यातलं कलम 284 धर्मगुरूंना साजेसा पोशाख घालायला सांगतं, तपशील त्या त्या देशातल्या बिशपांवर सोडतं. माझ्या मते या पोशाखात मान मिरवण्यापेक्षा लोकांच्या हाकेला उपलब्ध असणं मोठं आहे. इस्पितळाच्या व्हरांड्यात झगा दिसला, की अनोळखी माणूसही थांबवून म्हणू शकतो, “फादर, आईसाठी जरा प्रार्थना कराल?”