इंग्रजी शब्दांतील मूक अक्षरे

'रात्र' या अर्थाचा 'नाइट' हा शब्द मुलाने एन-आय-टी-ई असा लिहिला की वहीत फुली पडते. फुली योग्यच आहे. परंतु तिच्याबरोबर मुलाला 'मठ्ठ' ही पदवी देणे योग्य नव्हे. जसे ऐकावे तसे लिहावे, ही सवय त्याला बाराखडीनेच लावलेली असते.

या शब्दातील जी व एच ही अक्षरे एके काळी उच्चारली जात. तो 'ख'च्या जवळचा, घशात घासून निघणारा ध्वनी होता. 'सरदार' या अर्थाच्या 'नाइट'मधील आरंभीचा के हाही ऐकू येई. अर्थात त्या काळी हे दोन शब्द कानालाही निराळे होते. विल्यम कॅक्स्टन याने १४७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये पहिला छापखाना काढला. पुढे छपाईमुळे लेखन हळूहळू स्थिरावले, उच्चार मात्र बदलत राहिले. 'समुद्र' आणि 'पाहणे' या अर्थांच्या दोन 'सी' शब्दांतील स्वरही पूर्वी भिन्न होते. तो भेद आता केवळ लेखनात उरला आहे.

सर्वच मूक अक्षरे मात्र अशी खानदानी नाहीत. 'कर्ज' या अर्थाचा 'डेट' हा शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिन मूळ दाखविण्याच्या हौसेने विद्वानांनी तो मागाहून बसविला. त्या हौसेचा भुर्दंड मुले अजून भरीत आहेत!

मराठीतही असे प्रकार आहेत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, यांचे लेखन एक, पण उच्चार दोन. 'दिन' व 'दीन' यांचे लेखन भिन्न, पण बोलण्यात फरक जेमतेमच. ही उदाहरणे आधी फळ्यावर घेतल्यास इंग्रजीचा बाऊ वाटत नाही.

'नाइट', 'लाइट', 'राइट', 'फाइट' हे शब्द एकत्र शिकवावेत. शेवटची चार अक्षरे सर्वांत सारखीच आहेत. 'साइन'मधील मूक जी 'सिग्नल'मध्ये ऐकू येतो, हेही दाखवावे. समोच्चारी शब्दांची जोडी मात्र एकाच दिवशी देऊ नये. एक पक्का झाल्यावरच दुसरा घ्यावा. श्रुतलेखनात नुसता 'राइट' उच्चारल्यास 'उजवा' की 'लिहिणे', हे मुलाने कशावरून ओळखावे? तेथे पूर्ण वाक्य वाचावे, मग तो शब्द पुन्हा उच्चारावा आणि त्यानंतरच लिहावयास सांगावे.