डोळ्याची किरकोळ इजा व नंतरची दक्षता

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत किंवा ऊसतोडणीच्या हंगामात एखादा विद्यार्थी लाल डोळा घेऊन शाळेत येतो. विचारले असता ‘पाते लागले’, ‘कुसळ गेले’ असे सांगतो. दोन-तीन दिवसांत लाली ओसरते, मूल पूर्ववत खेळू लागते व सर्वांनाच त्या प्रसंगाचा विसर पडतो. परंतु लाली गेली म्हणजे डोळा बरा झाला, असे नेहमीच नसते. इजेनंतर दृष्टीत पडलेला फरक मुलाच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. तो शोधणे शिक्षकास सहज शक्य आहे.

इजेचे स्वरूप

बुबुळाच्या पुढे घड्याळाच्या काचेसारखे पारदर्शक पटल असते. त्यास स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक असते. त्यात रक्तवाहिन्या नसतात, मज्जातंतू मात्र विपुल असतात. म्हणून लहानशा ओरखड्यानेही डोळा अतिशय खुपतो, पाणी गळते व उजेड सहन होत नाही. वरचा थर बहुधा एक ते तीन दिवसांत भरून येतो. तोवर अंधुक दिसणे स्वाभाविक असले, तरी ते दिवसागणिक कमी झाले पाहिजे.

रेंगाळणारा त्रास

भरून आलेला नवा थर खालच्या थरास घट्ट चिकटण्यास कित्येक आठवडे लागतात. झोपेत पापणी त्यास चिकटते आणि सकाळी डोळा उघडताना तो पुन्हा सुटतो. त्यामुळे ‘उठल्यावर डोळा खुपतो’ असे महिन्यानंतरही सांगणारे मूल शाळा चुकविण्यासाठी सबब सांगते, असे मानू नये.

पाते, काटा वा कुसळ यांच्या इजेत बुरशीचा संसर्ग होण्याची भीती असते. तो सावकाश वाढतो. प्रथम बरा वाटणारा डोळा काही दिवसांनी अधिक दुखू लागतो, बुबुळावर पांढुरका ठिपका दिसतो आणि उपचारास विलंब झाल्यास कायमचे फूल पडते.

विटी, चेंडू वा दगड यांच्या माराने बाहेर जखम नसतानाही आत इजा होऊ शकते. एक-दोन दिवसांत आत दाह होऊन उजेड खुपतो. पुढे मोतीबिंदू होण्याचा संभव असतो. डोळ्यापुढे वीज चमकल्यासारखे होणे, काळे ठिपके तरंगणे वा बाजूने पडदा सरकल्यासारखे दिसणे, ही दृष्टिपटल सुटत असल्याची लक्षणे होत. ती आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही उद्भवतात.

शिक्षकाने करावयाची परीक्षा

दोन्ही डोळे उघडे असता चांगला डोळा दुसऱ्याची उणीव भरून काढतो, म्हणून मूल तक्रार करीत नाही. सुमारे सात-आठ वर्षांखालील मुलाचा एक डोळा दीर्घकाळ अंधुक राहिल्यास मेंदू त्याचा उपयोग करणे सोडतो व तो डोळा कायमचा मंद होतो. यास्तव प्रत्येक डोळा स्वतंत्रपणे तपासावा. मुलास फळ्यापासून 6 मीटरवर उभे करावे. एक डोळा तळहाताने, दाब न देता, झाकावयास सांगून फळ्यावरील लहान अक्षरे वाचून घ्यावीत. नंतर अक्षरे बदलून दुसऱ्या डोळ्याने वाचावयास सांगावे. दोहोंत फरक आढळल्यास पालकांना त्याच दिवशी कळवावे. इजेची तारीख नोंदवून तिसऱ्या दिवशी, आठवड्याने व महिन्याने ही परीक्षा पुन्हा घ्यावी.

काय करावे, काय टाळावे

डोळा चोळू देऊ नये. चुना उडाला असल्यास क्षणाचाही विलंब न लावता पापण्या उघड्या धरून स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास धुवावा व लगेच दवाखान्यात न्यावे. रुतलेली वस्तू ओढून काढू नये. दूध, मध, तूप किंवा पाल्याचा रस घालू नये. घरात उरलेले किंवा दुकानातून विचारून आणलेले थेंबही घालू नयेत. त्यांत स्टेरॉइड असल्यास बुरशीचा संसर्ग बळावतो.

वेळेचे महत्त्व नेपाळातील भक्तपूर येथील अभ्यासात स्पष्ट झाले. तो 2001 साली प्रसिद्ध झाला. स्वच्छमंडलावर ओरखडा पडलेल्या 442 जणांना गावातील आरोग्यसेवकांनी तीन दिवस साधे जंतुनाशक मलम लावले. पहिल्या 18 तासांत आलेल्यांपैकी एकासही व्रण झाला नाही. एक दिवसाहून अधिक उशिरा आलेल्या 49 जणांपैकी 14 जणांना झाला.

म्हणून इजा झाली त्याच दिवशी मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. दुखणे वाढल्यास, दृष्टी मंदावल्यास, बुबुळावर ठिपका वा रक्त दिसल्यास किंवा बाहुलीचा आकार बदलल्यास थेट ग्रामीण वा जिल्हा रुग्णालयातील नेत्रविभाग गाठण्यास पालकांस सांगावे. फळ्यासमोरची पाच मिनिटांची परीक्षा एखाद्या मुलाचा डोळा वाचवू शकते, हे शिक्षकांनी सदैव ध्यानी ठेवावे.