गाठ कापण्यापूर्वी

कर्करोग म्हटला की खानदेशात आधी तंबाखू आठवते आणि तोंडाचा कर्करोग. ते नाते आता धुळे-जळगावच्या खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले आहे. ‘सार्कोमा’ हे नाव मात्र बहुतेकांच्या कानांवर पडते ते घरातच रुग्ण निघाल्यावर.

तोंड, स्तन, आतडे यांचे बहुतेक कर्करोग अवयवाच्या अस्तरात उगवतात. सार्कोमा उगवतो तो शरीर बांधून ठेवणाऱ्या ऊतींत, म्हणजे हाडात, स्नायूत, चरबीत, रक्तवाहिन्यांत. प्रौढांच्या शंभर कर्करोगांत तो जेमतेम एक. मुलांत प्रमाण बरेच अधिक. प्रकार मात्र ७० हून जास्त. हाडाचा ऑस्टिओसार्कोमा ऐन वाढीच्या वयात, बहुधा गुडघ्याजवळ येतो. १९२१ मध्ये जेम्स ईविंग यांनी वर्णिलेला ‘ईविंग सार्कोमा’ही मुलांचाच शत्रू.

आणि इथेच फसगत होते. पोरगा गुडघा दुखतो म्हणतो. खेळताना पडला असेल, असे घरचे समजतात. मग शेक, लेप, हाडवैदाकडची मालिश. पण रात्री झोपेतून उठवणारे, आठवडे सरले तरी न थांबणारे दुखणे एक्स-रे काढल्याशिवाय सोडू नये. मांडीत वा दंडात खोल असलेली, वाढत जाणारी, ५ सेंटिमीटरहून मोठी गाठ दुखत नसली तरी संशयास्पदच मानावी.

त्याहून मोठा धोका घाईच्या शस्त्रक्रियेत आहे. ही गाठ वाढताना भोवतालच्या ऊतींना दाबते आणि तिच्याभोवती कवच असल्याचा भास होतो. साधी चरबीची गाठ समजून ती सोलून काढली, तर त्या खोट्या कवचात दडलेल्या पेशी मागे राहतात आणि जखमभर पसरतात. म्हणून क्रम ठरलेला आहे: आधी एम.आर.आय., मग जाड सुईने तुकडा काढून बायॉप्सी. तीही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या शल्यविशारदाच्या सल्ल्याने. कारण सुई गेली ती वाट पुढे गाठीसोबत काढावी लागते. रोग रक्तावाटे फुप्फुसांत जातो, म्हणून छातीचा सी.टी. स्कॅनही हवा.

एके काळी हाडाचा सार्कोमा म्हणजे पाय तोडणे, आणि तरीही बहुतेक रुग्ण दगावत. १९७० नंतर केमोथेरपीने चित्र पालटले. रोग पसरण्याआधी सापडला तर आज ऑस्टिओसार्कोमाचे निम्म्याहून अधिक रुग्ण वाचू शकतात. बहुतेकांचे रोगट हाड काढून कृत्रिम सांधा बसवता येतो. ईविंगला किरणोपचारही लागू पडतात. पोटातील ‘जिस्ट’ या प्रकारावर २००२ पासून इमॅटिनिबची गोळी उपलब्ध आहे.

धुळ्यात आणि जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. पहिली तपासणी तिथे करून घ्यावी. पुढचा निर्णय मात्र असे रुग्ण नेहमी पाहणाऱ्या केंद्रात व्हावा. १९४१ मध्ये परळला उभे राहिलेले टाटा रुग्णालय त्यांतले प्रमुख. खर्चासाठी महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी आधीच करावी.

गाठ कुठे काढली गेली असेल, तरी आशा सोडण्याचे कारण नाही. दुसरी शस्त्रक्रिया करता येते. त्यासाठी तपासणीच्या काचा, पॅराफिनचे ठोकळे आणि जुने फोटो जपून न्यावेत. शंका असेल तर डॉक्टरांना एवढेच विचारावे: “कापण्यापूर्वी बायॉप्सी नको का?” हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो एखाद्याचा पाय वाचवू शकतो, कधी जीवही.