कपाचं माप आणि चहाचा धंदा

पुण्याच्या पेठांत ‘अमृततुल्य’ अशी पाटी दिसली की आत पितळी पातेलं आणि त्यामागे ओट्यावर मांडी घालून बसलेला मालक, हे चित्र ठरलेलं. हा धंदा शहरात रुजवला तो राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण कुटुंबांनी. चहा इथे थर्मासात साठवत नाहीत. दूध, पाणी, साखर, पावडर एकत्र उकळायची, खलबत्त्यात कुटलेली वेलची टाकायची, फडक्यातून गाळायचं. एक आधण संपलं की दुसरं.

नफ्याचा हिशेब दुधापाशी सुरू होतो. लिटरभर दुधात अर्धा लिटर पाणी घातलं, तर आटणं सोडून 80 मिलिलिटरचे अठराएक कप निघतात. कप 100 चा केला की पंधराच. म्हणून दर न वाढवता कप लहान करायचा, ही जुनी युक्ती. गिऱ्हाइकाला ते कळतं, पण बोलत नाही.

गॅसही खातो. घरगुती सिलिंडर 14.2 किलोचा, धंद्याचा 19 किलोचा आणि किलोमागे बराच महाग. घरगुती सिलिंडर दुकानात वापरणं बेकायदा आहे. साध्या टपरीलाही 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते.

खरी डोकेदुखी मात्र उधारीची. आसपासच्या दुकानांत किटलीने गेलेला चहा वहीत मांडला जातो आणि वसुली महिनाअखेर. दूधवाला मात्र इतका थांबतोच असं नाही. नव्या दुकानदाराने पहिले काही महिने वही उघडूच नये.