राशीचक्र आणि रक्ताची गुठळी

हार्ट अटॅकचा संशय आला की आधी ॲस्पिरिन चावायला लावायची, जोडीला क्लोपिडोग्रेल किंवा तिच्या धाकट्या बहिणींपैकी एकीचा लोडिंग, म्हणजे सुरुवातीचा मोठा, डोस. प्लेटलेट्सनी एकमेकींना चिकटू नये, एवढ्यासाठी हा खटाटोप. कॅज्युअल्टीत हे सगळ्यांना पाठ असतं. उरलेलं कॉन्फरन्सच्या चहापानाला कळतं.

तिथला सर्वांत जुना किस्सा लॉरेन्स क्रेव्हन यांचा. कॅलिफोर्नियातल्या ग्लेन्डेलचे हे जनरल प्रॅक्टिशनर टॉन्सिल काढलेल्या पेशंटना दुखू नये म्हणून ॲस्पिरिनचं च्युइंगगम देत. जे जास्त चघळत, त्यांना रक्तस्राव जास्त. हीच गोष्ट हृदयाच्या कामी येईल, असं त्यांच्या मनानं घेतलं. खात्रीसाठी स्वतः रोज बारा गोळ्या खाऊन नाकातून रक्त काढून पाहिलं. पुढं आठ हजार पुरुषांचा दाखला दिला, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. पंडितांनी ढुंकूनही पाहिलं नाही. 1957 साली क्रेव्हन गेले. हार्ट अटॅकनेच.

शिक्कामोर्तब झालं ते 1988 साली, ‘आयसिस-2’ चाचणीनं. 17,187 पेशंट, आणि ॲस्पिरिनमुळे हृदय-रक्तवाहिन्यांच्या विकारानं होणारे मृत्यू 23 टक्क्यांनी कमी. ‘लॅन्सेट’चे संपादक खूश, पण त्यांना गटवार निकालही हवे होते: अमक्या वयाचे, तमक्या आजाराचे. ऑक्सफर्डच्या रिचर्ड पीटो मंडळींना हे खूळ नामंजूर. आकडे इतके बारीक चिरले, की योगायोगही शोध वाटू लागतो, हे त्यांना ठाऊक होतं. शेवटी त्यांनी गट दिले, पण एक आपल्या पदरचा घालून: राशी. मिथुन आणि तूळवाल्यांना ॲस्पिरिनचा किंचित तोटा, उरलेल्या दहा राशींना घसघशीत फायदा! जगातल्या मान्यवर जर्नलात हे रीतसर छापून आलं. (ही जन्मतारखेवरून काढलेली सूर्यरास, आपल्या पत्रिकेतली चंद्ररास नव्हे. तेव्हा मिथुनवाल्यांनी गोळी बंद करू नये.)

आता त्या धाकट्या बहिणी. 2009 च्या फेब्रुवारीत त्यांपैकी प्रासुग्रेलला मंजुरी द्यावी का, यावर अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएच्या सल्लागारांची बैठक होती. हृदयरोगतज्ज्ञ डॉ. संजय कौल यांनाही बोलावणं होतं. पण या औषधाबद्दल त्यांनी आधीच शंका घेतल्याची कुरकुर ते बनवणाऱ्या कंपनीनं केली आणि बोलावणं रद्द झालं. मतदान झालं नऊ विरुद्ध शून्य. म्हणजे कौल आले असते आणि विरोधात गेले असते, तरी प्रासुग्रेलचं काही बिघडत नव्हतं. वर त्यांना वगळणं ही चूक होती, हे एफडीएला कबूल करावं लागलं, ते वेगळंच.

त्याच वर्षी प्रतिस्पर्धी टिकाग्रेलरची ‘प्लेटो’ चाचणी गाजली. औषध क्लोपिडोग्रेलपेक्षा सरस ठरलं, फक्त अमेरिकेतल्या पेशंटांचा कल उलटा. हा योगायोग, की तिथं ॲस्पिरिनचा डोस मोठा म्हणून? मोठ्या डोसवर बोट ठेवलं गेलं. 2011 मध्ये मंजुरी मिळाली ती चौकटीतल्या ठळक इशाऱ्यासह: सोबतची ॲस्पिरिन रोज 100 मिलिग्रॅमच्या वर नको. पीटोंचा राशींचा तक्ता तेव्हा कुणी बाहेर काढला की नाही, कोण जाणे.

प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलर या दोघींची समोरासमोर गाठ जर्मन संशोधकांनी घालून दिली, कंपनीच्या पैशाशिवाय. टिकाग्रेलर जिंकेल, हेच गृहीत धरून चाचणी आखलेली. 2019 मध्ये पॅरिसला निकाल जाहीर झाला. वर्षभरात मृत्यू, हार्ट अटॅक किंवा पक्षाघात: टिकाग्रेलर 9.3 टक्के, प्रासुग्रेल 6.9. तोवर प्रासुग्रेल जेनेरिक झाली होती; विजयाची मिरवणूक काढायला कुणा एमआरला फारसा उत्साह उरला नव्हता.