हझन
हझन : ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात सामुदायिक प्रार्थना चालविणारा धर्मसेवक. राब्बी हा मुळात धर्मशास्त्राचा अभ्यासक व निर्णय देणारा अधिकारी होय. उपासनेस त्याची उपस्थिती अनिवार्य नसते. तेरा वर्षे पूर्ण झालेले दहा ज्यू पुरुष जमले, की त्यांपैकी कोणीही जाणकार प्रार्थना सांगू शकतो. कोकणातील बेने-इझ्राएल समाजात राब्बींची परंपरा नव्हती. तेथे धर्मजीवनाचा भार प्रथम काजींनी व पुढे हझनांनी वाहिला.

समाजाच्या परंपरेनुसार दाविद रहाबी या पंडिताने तिघांना हिब्रू प्रार्थना व विधी शिकवून या कामी नेमले. रहाबीच्या काळाविषयी मतभेद आहेत. काजीपद वंशपरंपरागत असून धर्मविधींबरोबर समाजातील तंटे मिटविणे हेही काजीचे काम असे. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत बेने-इझ्राएलांचे पहिले प्रार्थनामंदिर स्थापिले. पुढे अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) इ. ठिकाणी मंदिरे उभी राहिली व काजीची धार्मिक कामे हझनाकडे आली. मंदिराचा कारभार मात्र मुकादम पाहतो. कोचीनहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी एकोणिसाव्या शतकात हिब्रूचे शिक्षण दिले, तर जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली.

शब्बाथ व सणांच्या प्रार्थना, तोराचे वाचन, विवाह आणि अंत्यविधी ही हझनाची प्रमुख कामे. लहान गावी सुंता करणे व धर्मनियमानुसार पशुवध करणे हीही कामे पुष्कळदा त्याच्याकडेच येत.

राब्बींच्या अभावाचा प्रश्न इझ्राएलमध्ये तीव्र झाला. पूर्वीचे विवाह व घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते काय, अशी शंका घेऊन तेथील प्रमुख राब्बींनी १९६२ मध्ये बेने-इझ्राएलांच्या विवाहापूर्वी वंशाची चौकशी करण्याचे निर्देश दिले. समाजाने त्याविरुद्ध आंदोलन केले. १९६४ मध्ये इझ्राएलच्या संसदेने बेने-इझ्राएल हे सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे असल्याचे घोषित केले.

१९४८ नंतर बहुसंख्य बेने-इझ्राएल इझ्राएलला गेले. २०११ च्या जनगणनेत भारतात अगदी थोडे ज्यू नोंदले गेले. त्यामुळे लहान गावांतील मंदिरांपुढे हझन मिळण्याइतकाच दहा पुरुष जमविण्याचाही प्रश्न उभा राहिला आहे.